सुई न टोचता लिव्हरमधलं रक्त कसं मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी एमआरआय टेक्निशियन. टेबलावर आडवं होता होता पेशंट हमखास विचारतात, "ताई, सुई न टोचता लिव्हरातलं रक्त कसं ओ मोजतायसा?"

कोल्हापूरकराला हे पंचगंगेवरून लगेच कळतं. पावसाळ्यात आपलं सगळं लक्ष राजाराम बंधाऱ्यावर. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी मात्र क्युसेकमध्येच सांगतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. शिरेचंही तसंच. ती किती रुंद दिसते यावरून रक्त किती वाहतंय ते कळत नाही. छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, तेव्हा हिशेब लागतो.

वेग असा मिळतो: चुंबकक्षेत्राला क्षणभर एका बाजूला उतार द्यायचा, लगेच तेवढाच उलटा. जागेवरच्या पेशींवरचा परिणाम फिटून जातो. रक्त तेवढ्यात पुढं सरकलेलं असतं, म्हणून त्याच्या सिग्नलच्या फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या टप्प्यात, फरक उरतो, वेगाच्या प्रमाणात. रक्तात बाहेरचं औषध सोडावं लागत नाही.

पडद्यावर स्थिर भाग करडा, एका दिशेचं रक्त पांढरं, उलट दिशेचं काळं. सुरुवातीला एकदा पोर्टल व्हेनच्या, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडं रक्त आणणाऱ्या शिरेच्या, पांढऱ्या गोलात मधोमध काळा ठिपका दिसला. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असताना, या शिरेतलं रक्त खरंच उलटं वाहू शकतं, त्यामुळं काळजात धस्स झालं. पण कडेनं सुलट आणि फक्त मध्यावर उलट, असं कसं? मीच मशीनला वेगाची कमाल मर्यादा कमी दिली होती. मधलं रक्त सर्वांत वेगवान, ते मर्यादा ओलांडून उलट्या रंगात उमटलं. मर्यादा वाढवली, पेशंटला पुन्हा श्वास रोखायला लावला, ठिपका गेला. आकडा वाचायच्या आधी मी आता चित्र बघते.

यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. त्यातलं पाऊण भागाच्या आसपास पोर्टल व्हेनमधून, उरलेलं धमनीतून. ही धमनी बारीक आणि वळणावळणाची, थेट मोजणं कठीण. मग पोटातून हृदयाकडं जाणारी मोठी शीर, आमची आयव्हीसी, दोन जागी मोजता येते: यकृताच्या शिरा तिला मिळण्याआधी आणि मिळाल्यावर. प्रयाग चिखलीच्या संगमाअलीकडं आणि पलीकडं मोजावं तसं. फरक म्हणजे यकृतातून निघालेलं रक्त. त्यातून पोर्टलचं वजा केलं की धमनीचं उरतं. मला ही वजाबाकी फार आवडते.

यातून प्रवाह कळतो, दाब नाही. दाब नेमका हवा असेल तर अजून मानेच्या शिरेतून कॅथेटर घालावा लागतो, हे मी आधीच सांगते.

आणि उपाशीपोटी या. खाल्लं की आतड्यांकडं जास्त रक्त जातं, ते पोर्टल व्हेनमध्ये येतं, आकडा फुगतो. गडहिंग्लजचे एक काका पहाटेच्या एसटीनं आले ते स्टँडवर मिसळ खाऊनच. "अर्धीच खाल्ली ओ ताई." मला वाईट वाटलं, पण थांबवलं. बाहेरच्या बाकावर मफलर गुंडाळून ते बसून राहिले. दुपारी अडीचला आत घेतलं, पहिल्याच वेळी श्वास छान धरला.