बोगमाळोच्या वाटेवरची तीन शेपट्यांची राणी

सावंतवाडीहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून वास्कोची बस. झुआरीचा नवा पूल मागे पडला, कुठ्ठाळी गेली आणि चिखलीला उतरून मी पायलट केला. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात. "विमानां पळोवंक?" त्यानं विचारलं आणि बोगमाळोच्या चढाला गाडी घातली. दाबोळी विमानतळाजवळच नौदलाचं विमान संग्रहालय आहे. 1998 साली ते सुरू झालं.

माझं इथं येण्याचं कारण जुनं आहे. माझे थोरले काका 1950च्या दशकात वेंगुर्ल्याहून मुंबईला गेले आणि सांताक्रूझला हँगरमध्ये फिटर म्हणून लागले. मे महिन्यात गावी आले की पडवीत बसून ते विमानांच्या गोष्टी सांगत. त्यातलं एक विमान त्यांचं फार लाडकं. "तेका तीन शेपट्यो होत्यो रे," म्हणायचे, आणि तीन बोटं उभी करायचे.

ते विमान इथं उघड्यावर, आभाळाखाली उभं आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. फाटकातून आत गेलं की बाकीचं काही दिसतच नाही. पोट सरळसोट नळीसारखं नाही. नाकाशी किंचित वाकलेलं, मध्ये फुगलेलं, शेपटीकडे पुन्हा वर उचललेलं, एखाद्या माशासारखं. पंख्यांचा व्यास 15 फुटांच्या आसपास. ते जमिनीला लागू नयेत म्हणून पुढचा पाय उंच. आणि मागे खरोखरच तीन शेपट्या! एकच उंच शेपटी केली असती तर विमान तेव्हाच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं, म्हणून ती उंची तिघींत वाटली, असं सांगतात. चौकात पुतळे पुष्कळ पाहिले, पण माझ्या मते भारतीय हवाई प्रवासाचं याच्याइतकं देखणं शिल्प दुसरं नाही, आणि ते कुणी शिल्प म्हणून घडवलेलं नाही.

याच्या आधीची गोष्टही काकांकडूनच ऐकलेली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथमधून टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेलं इंधन भरलं आणि दुपारी जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरले. पुढं मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून चार महिने ही विमानं पुण्याहून उडायची. कोकणच्या पावसानं हवाई टपालालाही घाटावर पाठवलं, हे सांगताना काकांना आमच्या पावसाचा अभिमान वाटायचा. मलाही वाटतो.

त्या उड्डाणानंतर जवळपास 16 वर्षांनी, 8 जून 1948 रोजी, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. पुढं त्याच घराण्यातली ही मोठी विमानं आली. 'रानी ऑफ झाशी' हे त्यांतलं एक नाव. 1960 साली बोइंग 707 जेट आल्यावर त्यांचं प्रवासी वैभव संपलं, पण त्यांना भंगारात काढलं नाही. ती हवाई दलाकडे गेली आणि 1976 साली नौदलाकडे आली. मग याच दाबोळीहून ती अरबी समुद्रावर टेहळणीला जाऊ लागली. ज्या पोटात लंडनचे उतारू बसायचे, त्याच पोटात बसून खलाशी समुद्रावर नजर ठेवू लागले.

बाकीची विमानं मी तितक्या सावकाश पाहिली नाहीत. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर, सगळी ओळीनं आहेत. सीलँडपाशी मात्र थबकलो. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं हे बुटकं विमान 1953 साली कोचीला आलं आणि नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात त्याच्यापासून झाली. त्याचं पोट होडीच्या तळासारखं आहे. आमच्या बंदरावरच्या कुणाही खारव्याला ते लगेच ओळखता येईल.

तेवढ्यात सर आली. आश्विनातली, पाच मिनिटांची. शाळेची सहल आडोशाला पळाली. मी मात्र राणीच्या पंखाखाली गेलो. खाऱ्या वाऱ्यात आणि असल्या पावसात हा पत्रा टिकवायचा म्हणजे केवढे कष्ट. शक्य झालं तर याच्यावर एक उंच छप्पर हवं, असं मनापासून वाटलं.

काका सांगायचे, ही इंजिनं सतत तेल गाळायची. विमान उभं राहिलं की खाली पत्र्याचे ट्रे ठेवायचे, आणि ते रिकामे करायचं काम नव्या पोरांकडे असायचं. पहिली दोन वर्षं तेच त्यांच्याकडे होतं. मी वाकून इंजिनाच्या खाली पाहिलं. तेल कधीच सुकलं होतं. पावसाचं पाणी तेवढं थेंब थेंब पडत होतं. मी हात पुढं केला आणि सर थांबेपर्यंत ते ओंजळीत धरत राहिलो.