ब्लॅक बॉक्स नसलेल्या विमानाचा तपास

लहान विमान पडलं की पहिला प्रश्न येतो, 'ब्लॅक बॉक्स मिळाला का?' 5,700 किलोपेक्षा हलक्या पिस्टन विमानात बहुतेक वेळा तो नसतोच. मग तपासाला उरतात अवशेष, रडारच्या नोंदी आणि शवविच्छेदन.

जमिनीवर आधी विमानाची चार टोकं शोधतात: नाक, दोन्ही पंखांची टोकं आणि शेपूट. चारही एकाच ठिकाणी मिळाली तर विमान बहुधा अखंड खाली आलं. शेपूट खूप दूर मिळाली तर ते हवेतच तुटलं असणार. कंट्रोल केबलचं (वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून पंख-शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत जाणाऱ्या तारेचं) टोक केरसुणीसारखं पिंजारलेलं असेल तर ती जोराच्या ताणाने, म्हणजे बहुधा आदळतानाच तुटली. प्रोपेलरच्या पात्यांवर आडवे ओरखडे आणि पात्यांना पीळ असेल तर इंजिन चालू होतं.

पण 21 जानेवारी 2019 च्या रात्री फ्रान्समधल्या नॉंतहून वेल्समधल्या कार्डिफला निघालेलं पायपर मालिबू हे लहान विमान इंग्लिश खाडीत पडलं, तेव्हा यातलं फारसं काही हाताशी नव्हतं. विमानात फुटबॉलपटू एमिलियानो साला आणि वैमानिक असे दोघेच होते. अवशेष सुमारे 68 मीटर खोल पाण्यात होते आणि हवामान बिघडल्यामुळे ते वर काढता आले नाहीत. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं चित्रण, रडार आणि सालाचं शवविच्छेदन यांवरच भिस्त होती.

सोपा निष्कर्ष समोरच होता: रात्रीची वेळ, ढग, आणि रात्री उडवण्याचं रेटिंग (परवान्यातली खास मुभा) नसलेला वैमानिक. ताबा सुटला, विमान पडलं. इथेच थांबले असते तर खरं कारण समुद्रातच राहिलं असतं.

सालाच्या रक्तात कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, 58 टक्के निघालं. 50 च्या वर ते जीवघेणं ठरू शकतं. विमानाला आग लागली असती तर हा आकडा धुरामुळे आला असं म्हणता आलं असतं. पण विमान पाण्यात आदळलं होतं आणि मेलेला माणूस श्वास घेत नाही. म्हणजे वायू उड्डाणातच केबिनमध्ये शिरला होता. कॉकपिट आणि केबिन वेगळे नसल्यामुळे वैमानिकालाही तो लागलाच असणार. ब्रिटनच्या एएआयबीने (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागाने) मार्च 2020 मध्ये हाच निष्कर्ष मांडला: बहुधा वायूची बाधा झालेल्या वैमानिकाचा ताबा सुटला, वेग मर्यादेबाहेर गेला आणि विमान हवेतच तुटलं.

वायू येतो कुठून? अशा विमानांत केबिनची हवा एक्झॉस्टच्या (इंजिनाचा जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गरम भागाभोवतीच्या आवरणातून फिरवून तापवतात. आतल्या पत्र्याला केसाएवढी चीर गेली की जळका वायू थेट आत. आवरण न काढता केलेली पाहणी फुकट जाते, कारण चीर त्याच्याच खाली असते. थंड इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये कमी दाबाने हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती. राखाडी किंवा काळे डाग हीसुद्धा खूणच.

हा वायू लागला की रंग बदलणारी, कॉकपिटमध्ये चिकटवायची टिकली पुरत नाही, कारण तिच्याकडे बघायचं भान त्या वेळी वैमानिकाला असेलच असं नाही. आवाज करणारा डिटेक्टरच हवा. तो वाजला तर हीटर बंद, ताज्या हवेचे झरोके उघडे आणि जवळच्या धावपट्टीवर उतरणं. डोकं दुखायची वाट बघू नये.

बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी विमान चालवायला शिकणाऱ्यांना हीटर क्वचितच लागतो. तरीही डिटेक्टर हवाच: फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या भिंतीमधल्या) केबलच्या भोकांतून आणि दाराच्या सैल रबरातूनही हा वायू आत येतो.