दोन बोटं

ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह शोधत होतो, हाताला लागला टॅब. आठ इंची. कव्हरचा एक कोपरा सुटलेला, काचेवर धुळीची साय. बटण दाबलं, ढिम्म. चार्जरला लावला तरी दहा मिनिटं काळा ठिक्कर. मग कुठे रिकाम्या बॅटरीचं चित्र उमटलं, आणि बेशुद्ध माणसाने डोळे उघडावेत तसं मला हायसं वाटलं. खरं तर आठ महिने मी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती.

भाची शेजारी बसून हे सगळं पाहत होती. "मामा, हा अजून आहे तुझ्याकडे?"

मग तिने आपला फोन उचलला आणि टॅबवर ठेवला. उभ्यावर उभा. "बघ, एवढाच तर फरक. ह्याच्यावर कॉल येत नाही, हा खिशात मावत नाही, आणि सिनेमा बघायला लॅपटॉप आहे. मग हा कशाला?"

मी "वाचायला" असं म्हणालो खरा, पण आठ महिन्यांची धूळ समोर असताना त्या शब्दाला काही वजन आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

तिचं चुकत नव्हतंच. फोनने टॅबची जागा हळूहळू गिळली आहे, हे दिसतंच. २००७ सालच्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची होती. २०१० मध्ये डेलने 'स्ट्रीक' नावाचं पाच इंची यंत्र काढलं, तेव्हा ते चक्क टॅब्लेट म्हणून विकलं. आज पाच इंची फोन कोणी काढला तर लोक त्याला बाळफोन म्हणतील. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची गॅलक्सी नोट आला, तेव्हा तो कानाला लावणाऱ्याकडे बघून हसण्याची पद्धत होती. शाळेतली पाटी कानाला लावून हा कोणाशी बोलतोय, अशा चालीवर. हसणाऱ्यांच्या हातात आज ६.७, ६.९ इंची पाट्या आहेत आणि कोणी कोणाला हसत नाही. ज्या सात इंची टॅबनी एके काळी धमाल उडवली होती, २०१०चा पहिला गॅलक्सी टॅब, २०११चा किंडल फायर, २०१२चा नेक्सस ७, त्यांचा आकडा फोनच्या आकड्यापासून आता केसभर लांब राहिला आहे.

लहान टॅबच्या नशिबी ही चेष्टा जन्मापासून आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने कंपनीच्या तिमाही निकालाच्या कॉलवर सात इंची टॅबची खिल्ली उडवली होती. फोनशी टक्कर द्यायला मोठे आणि आयपॅडशी टक्कर द्यायला लहान, असा त्याचा निकाल. अशा टॅबसोबत सँडपेपरही द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील, असंही तो म्हणाला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्याच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. तो बघायला जॉब्ज नव्हता. सँडपेपर कोणालाच लागला नाही.

त्या कॉलवरचं त्याचं एक म्हणणं मात्र खणखणीत होतं. इंच फसवतात. सात इंची स्क्रीन दहा इंचीच्या सत्तर टक्के वाटते, प्रत्यक्षात ती निम्म्याहूनही कमी असते. कारण हे इंच कर्णाचे. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब सुरुवातीला गोल असायची, तिचा व्यास मोजायचे. काच चौकोनी झाली तरी मोजपट्टी तिरकीच राहिली. शाळेत कर्णाचा उपयोग काय, असं आपण विचारायचो. हा असा.

आता हाच हिशेब भाचीच्या बाजूने न करता टॅबच्या बाजूने करून बघू. ६.९ इंची फोन आणि ८.३ इंची आयपॅड मिनी. कर्णात फरक १.४ इंच, म्हणजे तिच्या भाषेत 'एवढाच'. क्षेत्रफळ काढलं तर टॅबची स्क्रीन फोनच्या पावणेदोनपट भरते. मी हे गणित कागदावर दोनदा केलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मग ही जास्तीची जागा असते कुठे? उंचीत जवळपास नाहीच. फोनची स्क्रीन साधारण सोळा सेंटिमीटर उंच, टॅबची साडेसतरा. सगळी मिळकत रुंदीत आहे. फोनची रुंदी सव्वासात सेंटिमीटर, टॅबची साडेअकरा. मधे दोन बोटं. जाड हात असेल तर दोन, नाजूक असेल तर अडीच.

आणि ही दोन बोटं फोनला मिळवता येत नाहीत, गंमत तिथे आहे. २०१४चा आयफोन ६ प्लस ७७.८ मिलिमीटर रुंद होता, स्क्रीन साडेपाच इंची. २०२४चा आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद, स्क्रीन ६.९ इंची. दहा वर्षांत स्क्रीन जवळजवळ दीड इंचाने वाढली आणि फोन मात्र केसभर अरुंदच झाला. ज्याला पाटी म्हणून हसले तो पहिला नोट तर जवळपास ८३ मिलिमीटरचा होता. म्हणजे आजचे भलेमोठे फोन त्या पाटीपेक्षा सडपातळ आहेत. वाढ झाली ती कडेच्या काळ्या पट्ट्या खाऊन आणि उंची ताणून. कारण उघड आहे. फोन एका हातात धरायचा असतो, आणि अंगठा नि चार बोटं यांच्या कवेत जेवढं येतं तेवढीच रुंदी चालते. कारखान्यात काहीही बनवता येतं, पंजाला वाढवता येत नाही. वयात आलेल्या मुलासारखा फोन नुसता उभा वाढत गेला.

उंच आणि अरुंद ही चण गप्पांना, नकाशाला, वर सरकवत राहायच्या चित्रांना उत्तम. वाचनाला, त्यातही मराठी वाचनाला, ती जाचते. आपल्या भाषेला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवत नेण्याची सवय. 'त्यांच्यासारख्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द माझ्या फोनवर जवळपास अख्खी ओळ घेऊन ऐसपैस बसतो. (अक्षर मी मोठं ठेवतो हे कबूल. चष्म्याचा नंबर ही खासगी बाब आहे.) फोनवर ओळीत चार-पाच शब्द येतात, वाक्य मोठं असेल तर क्रियापद हाती लागेपर्यंत कर्ता वर कुठे तरी निघून गेलेला असतो.

कवितेची तर दैना. भुजंगप्रयाताचा चरण १२ अक्षरांचा; तो फोनवर अंग चोरून का होईना, बसतो. अनुष्टुभाची आठ अक्षरं तर मजेत पाय पसरतात. पण शार्दूलविक्रीडित १९ अक्षरांचं, आणि १२व्या अक्षरावर यती, म्हणजे विसावा. फोनवर त्याची ओळ मोडतेच. कधी ती नेमकी यतीवर मोडते, तेव्हा क्षणभर वाटतं की फोनला वृत्त कळतंय. पुढच्याच चरणात ती तेराव्यावर मोडते आणि यतिभंगाचं पाप कवीच्या माथी जातं. टॅबवर मात्र त्याच आकाराच्या अक्षरात चरण एका दमात, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, कोणाचा धक्का न लागता उभा राहतो. शार्दूल म्हणजे वाघ. त्याला क्रीडेसाठी निदान साडेअकरा सेंटिमीटर लागतात, हे त्या दिवशी कळलं.

पीडीएफचं दुःख तर सर्वांच्या परिचयाचं. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद. ते फोनच्या रुंदीत कोंबलं की पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. मग चिमटीने मोठं करा, डावीकडून उजवीकडे सरकवा, ओळ संपली की परत डावीकडे ओढा. शेत नांगरतोय की वाचतोय कळत नाही. टॅबवर तेच पान निम्म्याहून थोडं मोठं उमटतं. समास छाटले तर पाऊणपटीच्या जवळ जातं. ते काही आरामाचं वाचन नव्हे, पण वाचन आहे.

याहून मजेचं मला पुढे सापडलं. १९३५ मध्ये पेंग्विनने जी स्वस्त, खिशात टाकायची पुस्तकं काढली, त्यांचा आकार १८१ बाय १११ मिलिमीटर होता. मिनीची स्क्रीन १७६ बाय ११६. एकाच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा बसावा इतकं हे जवळ आहे. त्याहीआधी, १५०१ मध्ये, व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने जाडजूड ग्रंथांऐवजी हातात धरून वाचता येतील अशी छोटी पुस्तकं छापायला घेतली होती. एका कागदाच्या घड्या घालून आठ पानं करायची, त्या मापाची. टेबलावर ठेवून वाचायचं पुस्तक आणि हातात घेऊन वाचायचं पुस्तक हा फरक पाचशे वर्षं जुना आहे. लहान टॅबला आपण उगाच फोन आणि मोठा टॅब यांच्या भांडणात उभं करतो. त्याचं गोत्र निराळं आहे. तो पेपरबॅकच्या घरातला.

मोठ्या टॅबबद्दल थोडक्यात: दहा-अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास जातो, आडवं पडून छातीवर धरला की दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं, आणि डुलकी लागली तर नाकावर पडतो. मिनी २९३ ग्रॅमचा. तोही पडतो, पण माफ करण्यासारखा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे रुंदीचं मर्म आपल्याआधी कळलं होतं. अँड्रॉइडमध्ये फोन कुठे संपतो आणि टॅब कुठे सुरू होतो हे ठरवताना कर्ण बघत नाहीत, स्क्रीनची अरुंद बाजू बघतात. त्यांच्या मापाने ती ६०० भरली की टॅब. फोन साधारण ३६० ते ४१०च्या घरात असतात. सात इंची टॅब बरोबर त्या उंबरठ्यावर उभा. म्हणून तर कित्येक ॲप्स त्याच्यावर 'तळ्यात की मळ्यात' खेळतात: काही फोनचाच सदरा ताणून घालतात, काही मोठ्या टॅबचा झगा, आणि बाह्या लोंबत राहतात. लहान टॅबची खरी तक्रार करायची तर इथे करावी.

आणि घडीचे फोन? त्यांना वगळून बोललो तर लबाडी होईल. २०१९च्या पहिल्या गॅलक्सी फोल्डची आतली स्क्रीन ७.३ इंची होती, २०२५च्या सातव्या फोल्डची आठ इंची. उघडा, लहान टॅब, मिटा, फोन. पंज्याची अट पाळून दोन बोटं मिळवायची ही एकच युक्ती कोणाला सुचली, आणि ती आहेही अफलातून. ज्यांना लहान टॅब कालबाह्य वाटतो त्यांनी एवढंच बघावं की सगळ्यांत महागडे फोन उघडल्यावर काय होतात. मी एकाचा फोल्ड हातात घेऊन वाचून पाहिला. स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात तसं झालं. मग वाचता वाचता वरून मेसेजची पट्टी घरंगळली, तिच्यामागे दुसरी, आणि शेवटी त्याच्या ऑफिसचा कॉल. फोन तो फोनच.

माझ्या टॅबमध्ये सिम नाही. यामागे संयम, निग्रह वगैरे काही नव्हतं. बिनसिमचा स्वस्त होता. पण त्यामुळे तो कोणाचाच नंबर नाही, त्याला कोणी शोधत नाही. एकदा हौसेने त्यावर ऑफिसची ईमेल घातली आणि आठवडाभरात तोही फोनसारखा टुणटुणायला लागला. काढून टाकली.

इतकं सगळं असून तो आठ महिने ड्रॉवरमध्ये का पडला होता, हे भाचीने विचारलं नाही, पण मी सांगायला हवं. फोन हातातच असतो; टॅब उठून घ्यावा लागतो. उठून घेतला की तो चार्ज नसतो. चार्ज असला की अपडेट मागतो, आणि अपडेट करायला गेलं की हे यंत्र आता जुनं झालं असं नम्रपणे कळवतो. मग माणूस उभ्या उभ्या फोनवरच दोन पानं वाचतो आणि ती दोन पानं वाचता वाचता तासभर भलतंच काही तरी बघतो. जे गुडघ्यावर टॅब बांधून विमान चालवतात ते वैमानिक, किंवा कोटाच्या खिशात तो घालून वॉर्डात फिरणारे डॉक्टर, यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचं काम त्यांना टॅब उचलायला लावतं. मला कोण लावणार?

संध्याकाळी टॅब शंभर टक्के भरला. मी धूळ पुसली, कव्हरचा कोपरा फेविक्विकने चिकटवला, आणि राहिलेलं काव्य उघडलं. दोन श्लोक झाले असतील.

"मामा, दोन दिवस देतोस?" भाची दारात. "चारशे पानांची पीडीएफ आहे. फोनवर डोळे फुटतात आणि लॅपटॉप घेऊन लोळता येत नाही."

"अगं, पण हा कशाला, असं तूच..."

"हो रे, पण आता लागतोय ना." आणि तो तिच्या काखेत गेलासुद्धा.

मी फोनवर तोच श्लोक काढला. पहिला चरण बाराव्यावर मोडला, बरा मोडला. दुसरा तेराव्यावर. मग फोन आडवा धरला. चरण सलग बसले, पण उंचीच संपली; तीन वर दिसत होते, चौथा खाली कुठे तरी. अंगठ्याने वर सरकवला तर पहिला गेला.