बटाट्याच्या नावाचा सामना

२३ डिसेंबर २०२४ ला मी अमेरिकेत बॉयसीला ‘फेमस आयडाहो पोटॅटो बोल’ हा कॉलेज फुटबॉलचा सामना पाहिला. आयडाहो राज्याच्या या राजधानीत मैदानही निळं आहे. इथल्या विद्यापीठाने १९८६ साली निळं कृत्रिम गवत अंथरलं, तेव्हापासून तोच रंग कायम आहे. मला मात्र त्या निळाईपेक्षा बटाट्याचंच अप्रूप जास्त वाटलं. आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचं. पावसाळ्यात बटाटा लावायचा, काढणी झाली की आरण लावून, म्हणजे बटाट्याचा ढीग झाकून ठेवून, भावाची वाट बघायची, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लांबुळका चेंडू हातात घेऊन धावण्याचा. कॉलेजांचा नेहमीचा हंगाम बारा सामन्यांचा असतो. त्यातले निदान सहा जिंकले की सहसा डिसेंबर-जानेवारीत आणखी एक सामना खेळायला मिळतो, तो ‘बोल’. बोल म्हणजे वाडगा. असा पहिला सामना १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात झाला आणि त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. तिथे १९२२ साली वाडग्याच्या आकाराचं रोझ बोल स्टेडियम बांधलं गेलं आणि त्यावरून सामन्यालाही तेच नाव पडलं. मग इतर शहरांनीही आपापले बोल काढले. नावं कशी दिली बघा: मायामीत ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सला शुगर, डॅलसला कॉटन. संत्री, साखर, कापूस. त्या त्या मुलखात जे पिकायचं तेच सामन्याचं नाव.

१९८० च्या दशकात प्रायोजक आले. टीव्हीवर सामना लागला की समालोचकाच्या तोंडी कंपनीचं नाव दिवसभर येतं, त्यासाठी कंपन्या पैसे मोजू लागल्या. एल पासोच्या सन बोलमधून तर १९८९ ते १९९३ ‘सन’ हा शब्दच गेला. उरला ‘जॉन हॅनकॉक बोल’, म्हणजे विमा कंपनीचं नाव. बॉयसीचा सामना १९९७ साली ‘ह्युमॅनिटेरियन बोल’ म्हणून सुरू झाला. मधली काही वर्षं तो एका संगणक कंपनीच्या नावाने खेळला गेला. २०११ पासून तो बटाट्याचा आहे.

हा प्रायोजक खाजगी कंपनी नाही, आयडाहोचं बटाटा मंडळ आहे. १९३७ साली राज्याने कायदा करून ते स्थापन केलं. विकल्या जाणाऱ्या मालाच्या वजनावर ठरावीक कर बसतो, तो शेतकरी आणि माल हाताळणारे मिळून भरतात, आणि त्यातूनच जाहिरात होते. म्हणजे स्टेडियमभर झळकणाऱ्या त्या नावात शेतकऱ्याचा स्वतःचा पैसा आहे. दुकानात कुणी नुसते बटाटे न मागता ‘आयडाहोचे’ मागावेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आमच्या पठारावरचा बटाटाही चिप्सच्या कारखान्यात जातो. पाकिटावर पठाराचं नाव मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सामना नॉर्दर्न इलिनॉय आणि फ्रेस्नो स्टेटचा होता. बरोबरी सुटेना. जादा वेळेचा दुसरा डावही खेळावा लागला, तेव्हा कुठे नॉर्दर्न इलिनॉय २८-२० ने जिंकलं. यातल्या बऱ्याच मुलांचा हा आयुष्यातला शेवटचा सामना असतो, पुढे व्यावसायिक संघात फार थोडे जातात. जिंकलेली मुलं निळ्या गवतावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. थंडीने बोटं बधिर झाली होती, तरी माझा पाय निघेना. इथे जिंकणाऱ्या प्रशिक्षकाच्या अंगावर फ्रेंच फ्राइज ओतायची पद्धत आहे.

रात्री बाबांना फोन करून सगळं सांगितलं. फ्राइजचं त्यांनी ऐकून घेतलं, पण करापाशी मला थांबवलं.

“पैसा शेतकऱ्याचा, मग मंडळावर शेतकरी किती?”

मी शोधून सांगितलं, “नवातले पाच.”

“उद्या ते कायद्याचं सगळं लिहून पाठव,” बाबा म्हणाले. “सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.”