ग्रुप प्रोजेक्टमध्ये नक्की कोणी काय केलं

मी एम.ए.ला इतिहास शिकवते आणि ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की बरीच वर्षं माझ्या पोटात गोळा यायचा, कारण पाच नावं असलेली स्पायरल बाईंडिंगची फाईल शेवटच्या दिवशी टेबलावर यायची, काम एकाचंच आणि मार्क पाचही जणांना. विचारलं तर एकच उत्तर, मॅडम सगळ्यांनी मिळून केलं.

दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं, फाईल नको, गूगल डॉक्समध्ये एकच डॉक्युमेंट उघडा, पहिल्या दिवसापासून मला त्यात घ्या, आणि दुसरीकडे लिहून आणून पेस्ट करायचं नाही. गूगल डॉक्स २००६ मध्ये आलं तेव्हा ही पोरं तीन-चार वर्षांची असतील, तरी व्हर्जन हिस्ट्री एकानेही उघडून पाहिली नव्हती. कोणी किती वाजता काय लिहिलं, काय खोडलं, सगळं वेगवेगळ्या रंगात दिसतं.

विषय होता पुण्याचे हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते. एकाने सरळ लिहिलं होतं की हौदात पाणी नदीतून यायचं. सकाळी बघते तर रात्री ११:४० ला त्या ओळीवर ग्रुपमधल्या एका मुलीची कमेंट, "नदीतून नाही, कात्रजहून. उतार असल्यामुळे पाणी आपोआप येत होतं." खाली १८८५ च्या पुणे गॅझेटियरच्या पानाचा फोटो. तो मुलगा अडून बसला, तिने दुसरं पान टाकलं, मग त्याने वाक्य बदललं आणि "थँक्स, हे माहीत नव्हतं" असं लिहिलं. या मुलीने वर्षभर वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं. दिवसा मेडिकलच्या दुकानात काम करते, रात्री नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसते, आणि मी तिला अभ्यासात लक्ष नसलेली समजत होते. याचं मला खरंच वाईट वाटलं.

सगळं गोड झालं असं नाही हां. सबमिशनच्या आदल्या रात्री तिचा अख्खा परिच्छेद कोणीतरी "लांबतंय" म्हणून उडवला. जुनं व्हर्जन परत आणायला दोन मिनिटं लागली, पण तिच्या मनाला लागलेलं दोन मिनिटांत जात नाही, त्यासाठी सगळ्यांना समोरासमोर बसवून बोलावं लागलं. तेव्हापासून नियम आहे, दुसऱ्याचं लिहिलेलं थेट खोडायचं नाही, सजेशन मोडमध्ये जायचं, म्हणजे बदल नुसता सुचवला जातो, आणि का ते कमेंटमध्ये लिहायचं. माझीही एक चूक झाली, पहिल्या वर्षी मी हिस्ट्रीत कोणाचं किती टायपिंग आहे त्यावरून मार्क दिले. नंतर कळलं की एका मुलाचा मोबाईल फुटला होता, त्याने सगळे हौद पायी हिंडून वहीत नोंदी घेतल्या आणि मैत्रिणीने त्या टाईप केल्या. आता मार्क द्यायच्या आधी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलते.

आणि हे काही नवीन खूळ नाहीये. लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून संहिता ठरवायचं काम १९१९ ला सुरू झालं ते १९६६ पर्यंत चाललं. त्यासाठी चौकोन आखलेले तक्ते होते, एका चौकोनात एक अक्षर, वर एक पाठ, म्हणजे श्लोकाचं एक रूप, आणि खाली एकेका हस्तलिखितातले फरक. कितीतरी जणांनी मिळून, वर्षानुवर्षं. त्यात मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की जो पाठ मूळ संहितेत घेतला नाही तो फेकून दिला नाही, तळटीपांमध्ये ठेवला, पुढच्या माणसाला तपासता यावा म्हणून. आता ग्रुप पाडायच्या आधी मी पोरांना हे सांगतेच, नाहीतर व्हर्जन हिस्ट्री म्हणजे मॅडमचा सीसीटीव्ही असं त्यांना वाटतं.

ती मुलगी आता शेवटच्या सेमला आहे, स्वतंत्र रिसर्च प्रोजेक्ट करतेय, हौदांवरच. काल तिच्या डॉक्युमेंटमध्ये माझ्या नावाने कमेंट होती, "मॅडम, रविवारी सदाशिव पेठेतल्या हौदाची मापं घ्यायला जातेय, टेप धरायला कोणीतरी लागेल." मी खाली लिहिलं, सकाळी आठला येते.