तुम्ही विचारलेत म्हणून: आईचे हाड मोडले कसे

"तुम्ही स्वतः ड जीवनसत्त्वाच्या प्रकाशरसायनावर काम करता, मग तुमच्याच आईचे खुब्याचे हाड कसे मोडले?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी, विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनीही विचारला आहे. दर वेळी मी विषय बदलला. आज उत्तर देते.

माझे काम त्वचेतल्या 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉलच्या, म्हणजे ज्यापासून ड जीवनसत्त्व बनते त्या रेणूच्या, उत्तेजित (प्रकाशाची ऊर्जा शोषलेल्या) अवस्थेपुरते आहे. 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषला की त्या रेणूतले अणूंचे एक वलय पिकोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागांच्या) अवधीत उघडते आणि पूर्व-जीवनसत्त्व तयार होते. त्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर पुढे प्रकाशाविना, शरीराच्या उष्णतेने काही तासांत होते. उत्तेजित झालेले बहुसंख्य रेणू मात्र वलय न उघडताच मूळ अवस्थेला परततात. ते का, हे मी शोधते. हाडापर्यंत माझा अभ्यास पोहोचत नाही.

तरीही अनुदानाच्या प्रत्येक अर्जात मी पहिल्याच वाक्यात वृद्धांची मोडणारी हाडे आणत असे. म्हणून तुमच्या प्रश्नाचा राग येत असला, तरी तो माझ्याच वाक्यातून निघाला आहे, हे मला नाकारता येत नाही.

त्या रात्री आई न्हाणीघराकडे जाताना पडली. आवाज ऐकून मी धावले तेव्हा ती कुशीवर पडली होती आणि "काही नाही, मुका मार आहे" असे म्हणत होती. मी तिच्या काखेत हात घालून तिला उभे करू लागले. ती ओरडली, तो आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. मग दिवा लावल्यावर दिसले, की उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. हे लक्षण मी वाचलेले होते. दिवा आधी लावायला हवा होता. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. तिथे हाड सरकले, की त्या हाडाच्या डोक्याचा, म्हणजे खुब्यात बसणाऱ्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते टोक काढून धातूचे बसवले. हाड पडतानाच सरकले होते की मी उचलताना, हे मी शल्यचिकित्सकांना विचारले नाही. पुढच्या तीन रात्री वातभ्रमात, म्हणजे भान हरपलेल्या गोंधळात, ती मला तिची धाकटी बहीण समजत होती.

तिच्या रक्तातले ड जीवनसत्त्व पुरेसे होते. मी ते नियमित तपासून घेत असे. जे तपासले नाही ते असे: ती झोपेची गोळी घेत होती, मार्गात उजेड नव्हता आणि गेले वर्षभर खुर्चीतून उठताना तिला दोन्ही हातांचा आधार लागत होता. हाड ठिसूळ होते हे खरे, पण त्या रात्री ते पडण्यामुळे मोडले. व्हायटल या ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत 25,871 जण होते. तिच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोज 2000 युनिटे ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये अस्थिभंग कमी झाले नाहीत. त्यांची निवड कमतरता पाहून केली नव्हती, त्यामुळे ज्यांच्यात ते खरोखर कमी आहे त्यांच्याबद्दलचा प्रश्न त्या निष्कर्षाने मिटत नाही. माझ्यातली जुनी अर्जलेखिका ही फट लगेच पकडते, आणि तिचे सगळेच म्हणणे चुकीचे आहे असे मला अजूनही वाटत नाही.

या वर्षीच्या अर्जातून ते पहिले वाक्य मी काढले, दोन दिवसांनी परत घातले आणि पुन्हा काढले. अर्ज अजून पाठवलेला नाही.