सुरूच्या बनात राहिलेले तंबू: माझा अनुभव

दापोली तालुक्यातील आमच्या गावाच्या किनाऱ्यावर गेल्या हिवाळ्यात दोन रात्रींचा संगीत महोत्सव झाला. महोत्सवाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. माझ्याकडच्या मुक्कामाच्या खोल्या भरल्या, रिक्षावाल्यांचा, खानावळींचा आणि शहाळी विकणाऱ्यांचा धंदा झाला, आणि रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक खरोखर बंद झाले. मला लिहायचे आहे ते सगळे पाहुणे निघून गेल्यावर सुरूच्या बनात तसेच उभे राहिलेल्या तंबूंविषयी, आणि ते तिथून हलवण्यासाठी आमच्या बचत गटाला काय काय करावे लागले त्याविषयी. किनाऱ्यावर तंबूंचा मुक्काम आता सगळीकडेच वाढला आहे, तेव्हा ही माहिती दुसऱ्या एखाद्या गावाच्या उपयोगी पडेल.

आयोजकांनी साफसफाई केली नाही असे म्हणता येणार नाही. त्यांच्या माणसांनी रंगमंचापुढचे मैदान, खाण्याच्या टपऱ्यांची जागा आणि रस्ता झाडून काढला होता. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महोत्सवात ती पाळली गेली होती. जेवण उसाच्या चिपाडाच्या ताटल्यांत होते आणि पाण्यासाठी मोठे जार ठेवलेले होते. पण बनाच्या दक्षिणेकडच्या टोकाला, जिथे लोकांना स्वतःचे तंबू लावायला जागा दिली होती, तिथे शंभराच्या वर तंबू जसेच्या तसे होते. काहींची चेन अर्धी उघडी होती, काही वाऱ्याने एका बाजूला कलंडले होते. आत दवाने भिजलेल्या झोपायच्या पिशव्या, फोमच्या चटया, हवा भरायच्या गाद्या, दिव्यांच्या माळा आणि छोट्या शेगडीचे गॅसचे डबे पडलेले होते. एका तंबूत तर किंमतीची चिठ्ठीही न काढलेली घडीची खुर्ची होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. ज्यांनी भाड्याचे तंबू घेतले होते त्या भागात एकही तंबू मागे राहिला नाही, कारण भाड्याने देणाऱ्याला तेच तंबू पुढच्या शनिवारी दुसऱ्या किनाऱ्यावर लावायचे होते आणि त्याची माणसे दुपारपर्यंत प्रत्येक तंबू झटकून, मोजून टेम्पोत भरून गेली. राहिले ते लोकांनी हजार-दीड हजाराला ऑनलाइन मागवून आणलेले. ज्या वस्तूला पुढचा शनिवार होता ती गेली आणि जिला नव्हता ती राहिली, इतका हा हिशेब उघड होता. माझ्याकडे मुक्कामाला असलेल्या एका मुलाला मी विचारले तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, “काकू, ओला तंबू आणि वाळू बाइकवर कुठे नेणार? राहू दे ना, गावात कोणाच्या तरी उपयोगी पडेल.” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आपण टाकून जात नसून देऊन जात आहोत, अशीच त्याची समजूत होती.

ही समजूत एकट्या त्याची नाही. ब्रिटनमधील स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ मध्ये याच विषयावर मोहीम काढली होती. तिकडच्या महोत्सवांत दरवर्षी सुमारे अडीच लाख तंबू मागे राहतात, आणि सोडलेले तंबू धर्मादाय संस्था नेतात असे लोकांना वाटत असले तरी बहुतेक तंबू कचऱ्यातच जातात, असे त्या संघटनेचे म्हणणे होते. सरासरी तंबू साडेतीन किलोंचा, मुख्यतः प्लास्टिकचा, म्हणजे ८,७५० स्ट्रॉंइतका, असाही हिशेब त्यांनी मांडला होता. जवळजवळ एकदाच वापरायची वस्तू म्हणून तंबू विकणे दुकानदारांनी थांबवावे, अशी त्यांची मागणी होती. आमच्या बनात मला तो हिशेब पुन्हा पुन्हा आठवत होता. स्ट्रॉ एकही सापडला नव्हता, कारण त्याच्यावर बंदी होती. तंबूवर बंदी असण्याचे कारण नाही, पण दोन रात्री वापरून सोडून दिलेला तंबू कोणत्याच यादीत बसत नाही, आणि आमची पुढची सगळी यातायात त्यातूनच निघाली.

पहिला प्रश्न आला तो हात लावायचा की नाही हा. तंबू लोकांच्या मालकीचे, बन एका खात्याचे, त्याखालची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दुसऱ्या खात्याकडे, आणि ग्रामपंचायतीची घंटागाडी फक्त गावातल्या रस्त्यांपुरती. एका कार्यालयाने दुसऱ्याचे नाव सांगितले आणि दुसऱ्याने आयोजकांचे. आयोजकांच्या कार्यालयातून उत्तर आले की हा कचरा नसून पाहुण्यांचे विसरलेले सामान आहे, त्यामुळे ते साफसफाईच्या करारात येत नाही. हे वाक्य मी आजही विसरले नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते आणि तरीही पसारा आमच्या दारात होता.

मार्ग निघाला तो ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या कपाटातल्या एका फायलीतून. घनकचरा व्यवस्थापनाच्या, तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांत असे म्हटले होते की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे लागते, आणि तिथला कचरा जागीच वेगवेगळा करून नेमलेल्या यंत्रणेच्या हाती देण्याची जबाबदारी आयोजकाची असते. आयोजकांनी तशी सूचना रीतसर दिली होती आणि सोबत अनामत रक्कमही भरली होती. ती परत मिळावी म्हणून त्यांचा अर्ज आला तेव्हा सरपंचांनी तो बाजूला ठेवला आणि आधी पंचनामा करायचे ठरवले. मी, गटातल्या दोघीजणी, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब, असे आम्ही तंबूंना खडूने क्रमांक घालत, आतील सामान लिहून घेत आणि फोटो काढत फिरलो. त्यानंतर आयोजकांनी आपल्या पाहुण्यांना संदेश पाठवून सामान नेण्यासाठी आठवड्याची मुदत द्यावी, मुदतीनंतर ते सोडून दिलेले समजले जाईल आणि ते हलवण्याची मजुरी अनामत रकमेतून वळती होईल, असे पत्र गेले. बरीच टोलवाटोलवी होऊन शेवटी त्यांनी हे मान्य केले. सामान न्यायला जे आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही तंबूसाठी नव्हे तर आत राहिलेल्या गाडीच्या चावीसाठी किंवा पॉवर बँकेसाठी.

प्रत्यक्ष काम सुरू करायच्या आधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मंडळींपैकी एक वयस्कर मामा येऊन म्हणाले, “वहिनी, तंबू राहू देत, आधी खुंट्या काढा. आमची पोरं अनवाणी ओढतात.” तंबूच्या पोलादी खुंट्या वीतभर लांबीच्या आणि करंगळीहून बारीक असतात. तंबू वाऱ्याने उपटला की दोरी तुटते आणि खुंटी वाळूत राहते, एक भरती येऊन गेली की ती दिसेनाशी होते. दंताळ्याने थोड्या निघाल्या. मग गटातल्या एकीच्या मुलाने फुटक्या स्पीकरमधले मोठे लोहचुंबक काढून त्याला दोरी बांधून दिली आणि आम्ही ते वाळूवरून ओढू लागलो. आमच्या किनाऱ्यावरची वाळू जागोजागी काळी आहे, तिच्यात लोहयुक्त खनिजे आहेत, त्यामुळे दर चार पावलांवर चुंबकाला काळ्या केसांची दाढी आल्यासारखी व्हायची आणि ती पुसल्याखेरीज खुंटी लागत नसे. तरीही बादली भरली. ॲल्युमिनियमच्या खुंट्या चुंबकाला लागत नाहीत, त्या अमावस्येच्या मोठ्या ओहोटीत, वाळू उतरल्यावर वरच्या पट्ट्यात दिसल्या.

तंबू सोडवणे हे आम्हाला वाटले होते त्यापेक्षा किचकट निघाले, कारण तंबू ही एक वस्तू नाही. वरचे कापड पॉलिएस्टरचे, त्याला पाणी थांबवण्यासाठी आतून पॉलियुरेथेनचा मुलामा. तळ ताडपत्रीसारख्या पॉलिथिलीनचा. खिडक्यांना नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची जाळी. काठ्या बहुतेक फायबर ग्लासच्या, आतून लवचिक दोरी ओवलेल्या. हे सगळे एकमेकांना शिवलेले असल्यामुळे सुरीने शिवण उसवल्याशिवाय काहीच वेगळे होत नाही, आणि वेगळे झाल्याखेरीज कोणी घेत नाही. मोडलेल्या काठीला उघड्या हातांनी धरले की काचेच्या बारीक कुसळांनी तळहात भरतो, आणि ती कुसळे डोळ्यांना दिसतही नाहीत. पहिल्या दुपारीच आम्ही जाड हातमोजे मागवले आणि मोडलेली काठी आधी चिकटपट्टीने गुंडाळून मगच उचलायची, असा नियम केला. जाळ्या मी आग्रहाने सर्वांत आधी कापून घेतल्या. समुद्रात गेलेली जाळी मासे आणि कुर्ल्या अडकवत राहते, आणि आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री अंडी घालायला ऑलिव्ह रिडले कासवे येतात. वेळासला २००२ पासून कासवांच्या संरक्षणाचे काम चालू आहे, त्यामुळे आमच्याकडच्या शाळकरी मुलांनाही हे समजावून सांगावे लागत नाही.

मग प्रत्येक गोष्टीची वाट वेगळी. पाण्याच्या बाटल्या, खुंट्या, ॲल्युमिनियमच्या काठ्या आणि खुर्च्यांचे सांगाडे भंगारवाल्याने खुशीने नेले. चांगल्या स्थितीतील तंबू धुऊन, वाळवून, गटातर्फे पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी ठेवले, पण असे तंबू पंधरा-वीसच निघाले. फाटक्या तंबूंचे वरचे कापड मात्र गावाने हातोहात नेले. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या दिवसांत आमच्याकडे लाकूडफाटा, सुके गवत आणि गोठ्याची पश्चिमेची बाजू झाकायला काही ना काही लागतेच, आणि त्यासाठी दरवर्षी नवे प्लास्टिक विकत घ्यावे लागते. यात फार मोठे कार्य साधले असे मी म्हणणार नाही. उन्हापावसात दोन हंगामांत ते कापडही चिरफाळेल आणि मग पुन्हा कचराच होईल. झोपायच्या पिशव्या धुऊन वाळायला कित्येक दिवस गेले, आणि त्यांतल्या बुरशी लागलेल्या आम्हाला टाकाव्या लागल्या.

गॅसच्या डब्यांनी सर्वांत जास्त घोर लावला. भंगारवाला त्यांना हात लावायला तयार नव्हता आणि ते योग्यच होते, कारण डबा हलका लागला तरी आत ब्युटेन उरलेला असू शकतो आणि तसा डबा दाबयंत्राखाली गेला तर स्फोट होतो. शेवटी शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी माणसाने उघड्यावर, एकेक डबा शेगडीला लावून, उरलेला गॅस जाळून संपवला आणि नंतर भोक पाडून दिले. हे काम घरी कोणी करू नये, म्हणून मुद्दाम लिहिले. दिव्यांच्या माळा आणि बॅटऱ्या दापोलीच्या एका दुकानदाराने ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यायचे कबूल करून ठेवून घेतल्या.

उरले ते तळाचे मुलामा दिलेले तुकडे, फोमच्या चटया, पीव्हीसीच्या गाद्या आणि फायबर ग्लासच्या काठ्या. ज्या प्लास्टिकचा पुनर्वापर होत नाही ते सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवता येते, असे आम्हाला सांगण्यात आले. चौकशी केली तेव्हा कळले की राज्यातले सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूरकडे, म्हणजे आमच्यापासून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय पीव्हीसीमध्ये क्लोरीन असल्यामुळे भट्टीवाले ते टाळतात. चटया वजनाला काहीच नाहीत पण आकाराने टेम्पो भरतात, त्यामुळे वाहतुकीचा खर्च मालापेक्षा कितीतरी जास्त होतो. तळाचे तुकडे चिपळूणच्या एका संकलकाने त्याच्या इतर मालाबरोबर नेले. चटया आणि काठ्या अजून पंचायतीच्या जुन्या गोदामात आहेत.

मजुरीचे पैसे अनामत रकमेतून गटाला मिळाले, आणि यंदाच्या महोत्सवाचा अर्ज आल्यावर ग्रामसभेत अटी ठरल्या. स्वतःचा तंबू आणणाऱ्याची नोंद प्रवेशावेळीच करून तंबूला क्रमांकाची पट्टी लावायची, त्याच्याकडून वेगळी अनामत घ्यायची आणि गुंडाळलेला तंबू दाखवला की ती जागच्या जागी परत करायची. गॅसचे डबे आत न्यायला बंदी, स्वयंपाकासाठी एकच ठरलेली जागा. आयोजकांची अनामत परत करण्यापूर्वीची पाहणी महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या ओहोटीला करायची, म्हणजे पुरलेल्या खुंट्या दिसतात. आयोजकांनी बाकीच्या अटींवर सही केली आहे. या पाहणीच्या तारखेवर त्यांचा आक्षेप आहे, कारण तोपर्यंत त्यांचे पैसे अडकतात. रापणीची मंडळी मात्र त्या अटीवर ठाम आहेत, आणि हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर ठेवला आहे.